माय ओ द्यायची

बाबांना लकव्याचा झटका आला, तेव्हा ते दुकानात कारागिराला मारत होते. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याचं माप चुकलं होतं. बाबांनी लोखंडी पट्टी उगारली आणि ती उगारलेलीच राहिली. मग हात लुळा पडून खाली आला, पट्टी त्यांच्याच पायावर पडली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि ते होते तिथंच कोसळले. कारागीर आधी पळाला. थोड्या वेळानं परत आला आणि त्यानंच गाडी बोलावली. हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं. सांगताना त्याच्या दंडावर आधीच्या माराचा वळ अजून काळानिळा होता.

आमचं वेल्डिंगचं दुकान दुसरबीडला, हायवेच्या कडेला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गेट, खिडक्यांच्या जाळ्या. दुकानामागं दोन खोल्यांचं घर. मी मोठी, माझ्या पाठचा एक भाऊ. लग्न होऊन मी उंद्रीला गेले, तिथंच शाळेत शिकवते. भाऊ दुकानातच राहिला. बाबांच्या हाताखाली काम शिकला, बाबांचा मार खात मोठा झाला, आणि मिसरूड फुटल्यावर दुसऱ्यांवर हात टाकायलाही शिकला.

बाबांना मेहकरच्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. मी उंद्रीहून एसटी पकडून पोचले, तोवर त्यांचा जीव वाचला होता. वरच्या मजल्यावर मोठा वॉर्ड. खिडकीजवळच्या कॉटवर ते पडलेले. उजवी बाजू पूर्ण गेलेली. डावा हात धड होता, पण तो बँडेजच्या पट्टीनं कॉटच्या दांडीला बांधून ठेवलेला. मी मायला विचारलं, "हात काऊन बांधला?"

"सिस्टरले मारलं त्याहीनं," माय म्हणाली. "एकीले नाही, दोघीले."

तेवढ्यात बाबांनी डोळे उघडले. मला पाहिलं. ओठ हलले, गळ्याच्या शिरा ताणल्या आणि तोंडातून एकच शब्द निघाला.

तो शब्द इथं लिहावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. पण तो लिहिल्याशिवाय पुढचं काही सांगताच येणार नाही. शब्द होता 'रांडे'.

डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन समजावलं. मेंदूत बोलणं तयार होतं तो भाग गेलाय. त्यांना बोलायचं असतं, पण शब्द सापडत नाहीत. मात्र माणसाच्या तोंडात बसलेले शब्द, शिव्या, देवाचं नाव, असलं काही कधीकधी शिल्लक राहतं. ते विचार न करताच बाहेर येतं. "त्यांना पाणी म्हणायचं असेल, तरी तेच निघेल," डॉक्टर म्हणाले. "मनावर घेऊ नका."

मनावर काय घ्यायचं? त्या शब्दावरच तर आम्ही वाढलो होतो. बाबांनी मायला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. सकाळी उठल्यापासून तोच शब्द. चहा हवा असला तरी तोच, गिऱ्हाईक आलं असलं तरी तोच. आणि माय चुलीपाशी असो, मागं गोठ्यात असो, "ओ" म्हणून धावत यायची. मी शाळेत जायला लागले, दुसऱ्यांच्या घरी गेले, तेव्हा मला कळलं की ही शिवी आहे. तोवर मला ती माझ्या आईची हाक वाटत होती. पुढं मी मोठी झाले, तशी ती माझीही झाली.

एक मात्र होतं. शब्द एकच असला तरी तो म्हणायच्या तऱ्हा अनेक होत्या, आणि त्या ओळखता येणं हा आमच्या घरात जिवाचा प्रश्न होता. 'रां' लांबवला आणि शेवट सैल सोडला, तर चहा नाहीतर पाणी. दोनदा लागोपाठ म्हटला, तर कुणी आलंय, बाहेर ये. आवाज खाली गेला आणि शब्द दातातून आला, तर वाटेतून बाजूला हो. आणि आधी नाकातून श्वास सोडून मग शब्द तोडून टाकला, की मार. तो श्वास मला झोपेतही ऐकू यायचा. तो ऐकला की मी भावाला ओढून पलंगाखाली न्यायची आणि त्याच्या कानांवर माझे हात दाबून धरायची.

एकदा मी तो श्वास ऐकला, पण माय चुलीकडं तोंड करून बसली होती, तिला ऐकू आला नाही. कालवणात मीठ जास्त झालं होतं. बाबांनी ताट भिंतीवर फेकलं आणि मायच्या डाव्या कानशिलात अशी ठेवून दिली, की ती चुलीवर तोंडघशी पडता पडता राहिली. कानातून रक्ताची बारीक धार आली. बाबा तिचे केस धरून तिला अंगणात ओढत घेऊन गेले आणि ट्रॉलीच्या चाकाशी नेऊन लाथा घातल्या. हायवेवरून गाड्या जात होत्या. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती गेटच्या डिझाइनचं पुस्तक पाहत बसली. भाऊ पलंगाखालून सगळं बघत होता. त्या दिवशी मी त्याच्या कानांवर हात ठेवले, डोळ्यांवर ठेवायचं राहिलं.

तेव्हापासून मायला डाव्या कानानं ऐकू येत नाही. तिच्याशी बोलायचं तर उजवीकडून, नाहीतर मोठ्यानं.

दवाखान्यात बाबांजवळ जायला कुणी तयार नव्हतं. मेहकरच्याच एक सिस्टर होत्या, त्यांना पहिल्याच दिवशी बाबांनी तो शब्द म्हटला आणि सलाइन लावताना मनगट पिरगाळलं. त्या म्हणाल्या, "मी नाही जात त्या म्हाताऱ्याकडे. घरी मायबहीण नाही काय त्याले?" दुसरीच्या अंगावर त्यांनी लघवीचं भांडं फेकलं. वॉर्डात एक मामा होता, साफसफाई करायचा. चादर बदलताना बाबांनी त्याच्या छातीत बुक्की मारली, तेव्हा त्यानं बाबांचं तोंड गादीत दाबून त्यांच्या पाठीत दोन गुद्दे घातले. माय शेजारी उभी होती. मीही उभी होते. बाबांचा श्वास कोंडला, तेव्हा मामानंच सोडलं.

शेवटी बाबांचं सगळं एका केरळच्या सिस्टरकडं आलं. वयानं लहान, नुकतीच शिकून आलेली, घरापासून एवढ्या लांब पहिलीच नोकरी. मराठी येत नव्हतं, हिंदीही मोडकंतोडकं. तिथल्या सिस्टर तिला हसायच्या. पण तिला बाबांच्या बोलण्याचं काही वाटत नव्हतं, कारण तिला ते कळतच नव्हतं. पहिल्या दिवशी बाबा ओरडले, तर तिनं पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. मग दोन उशा दिल्या. मला कळेना, ही सगळं दोन दोन का आणते? तिच्याकडून समजलं, की तिच्या भाषेत दोन या आकड्याला साधारण असंच काहीतरी म्हणतात. तिला वाटलं, म्हाताऱ्याला सगळं दोन लागतं.

हे ऐकून मला हसू आलं. किती दिवसांनी हसले होते कोण जाणे. माय मात्र हसली नाही, तिला नीट ऐकूच आलं नव्हतं.

मी सिस्टरला मदत करायचं ठरवलं. डॉक्टरांना बाबांचं बोलणं समजत नव्हतं, भाऊ नुसता डबा आणून द्यायचा आणि निघून जायचा. मायला समजायचं, पण तिला सांगता यायचं नाही. मला दोन्ही येत होतं. मी सिस्टरला बाबांच्या कॉटपाशी उभं करून माझ्या हिंदीत सांगायची, "सुनो. अब लंबा बोला ना? पानी. अब देखो, दो बार बोला, मतलब किसी को बुलाता है." आणि एकदा बाबांनी नाकातून श्वास सोडला, तशी मी तिचा दंड धरून तिला मागं ओढलं. बाबांचा मोकळा सोडलेला हात तिच्या तोंडासमोरून सपकन गेला.

"कैसे मालूम?" तिनं विचारलं.

"घर में सीखा," मी म्हटलं.

ती हुशार होती. दोन-तीन दिवसांत तिला आवाजावरून बरंचसं कळू लागलं. ती बाबांच्या डाव्या हाताला कधीच उभी राहायची नाही, उजवीकडूनच सगळं करायची. बाबांनी रागानं शब्द टाकला तरी ती "हां बाबा, हां" करत त्यांचं तोंड पुसायची. बाबा तिच्याकडं पाहत राहायचे. त्यांना त्या शब्दानं घाबरत नाही अशी बाई पहिल्यांदाच भेटली होती. बाबांना काही हवं झालं की ती माझ्याकडं बघायची, मी मान हलवायची. पण त्या शब्दाचा अर्थ तिनं कधी विचारला नाही. आणि मी शिकवत होते ते सुरांबद्दल. शब्दाबद्दल बोलावं असं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या घरात त्याला अर्थ उरला नव्हता.

तिनं काय समजून घेतलं होतं, ते नंतर कळलं. बाबा तो शब्द म्हणायचे आणि कोपऱ्यात बसलेली माय "ओ" म्हणून उठायची. रोज, कितीतरी वेळा. दोन पेल्यांची चूक तिच्या लक्षात आल्यावर तिला दुसरंच पटलं. ते या अम्माचं नाव असणार.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. बाबांना वॉर्डाच्या दाराजवळ चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. माय व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, जिन्यापाशी, बाजूच्या कॉटवरच्या म्हातारीशी बोलत होती. ती म्हातारी मेहकरचीच. तिचे मियाँ गाद्या भरायचं काम करायचे. सगळा वॉर्ड त्यांना चाचा म्हणायचा; तेही तिथंच बसले होते. व्हरांडा माणसांनी भरलेला, डबे आलेले, लोक भिंतीला टेकून जेवत होते. बाबांना उलटीची उबळ आली, मान मागं पडली. सिस्टरला मायची मदत हवी होती. मी आत चादर आणायला गेले होते.

सिस्टर दारातून मोठ्यानं ओरडली, "रांडे अम्मा! ओ रांडे अम्मा! जल्दी आओ!"

मायला मोठ्यानं बोलावं लागतं, हेही मीच तिला सांगितलेलं होतं.

कुणाच्या तरी हातातली भाकर तशीच राहिली. मी चादर घेऊन बाहेर आले तर माय "ओ" म्हणत लगबगीनं येत होती. तिला त्यात वेगळं काही ऐकूच आलं नव्हतं. आणि तिच्यामागं जिन्यातून भाऊ वर येत होता, हातात डबा घेऊन.

त्यानं डबा टाकला. वरण फरशीवर सांडलं. तो मायला ओलांडून पुढं आला, सिस्टरच्या केसांचा बुचडा धरला आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा, मग परत. "काय म्हन्लं बे? माह्या मायले काय म्हन्लं तू?" तिच्या कपाळातून रक्त उडून पांढऱ्या भिंतीवर पडलं. ती खाली बसली तर त्यानं तिच्या कमरेत लाथ घातली. ती तिच्या भाषेत काहीतरी किंचाळत होती, दोन्ही हात डोक्यावर धरून. मागून दोघंतिघं उठून आले. मला वाटलं सोडवायला येताहेत. एकानं म्हटलं, "मारा, मारा, लई माजल्या ह्या!" आणि त्यानं चप्पल काढली.

चाचा मध्ये पडले. "अरे बच्ची है! छोडो, बच्ची है!" त्यांनी चप्पलवाल्याचा हात धरला, तर त्यांच्याच तोंडावर बसली. चष्मा फुटला. बाबा खुर्चीतून बघत होते आणि एकसारखा तोच शब्द म्हणत होते. आवाजावरून मला कळत होतं, ते घाबरले होते. पण त्या गोंधळात ऐकणाऱ्याला ते भावाला चिथावताहेत असंच वाटलं असेल.

मी भावाच्या पाठीवर चढल्यासारखी लटकले. त्यानं कोपर मागं मारलं, माझा ओठ फुटला. तेवढ्यात माय आली. तिनं फरशीवरचा डबा उचलला, पितळी, जड, बाबांच्या दुकानातच डाग देऊन सांधलेला. दोन्ही हातांनी तो वर उचलून तिनं भावाच्या पाठीत घातला. तो वळला. तिनं दुसऱ्यांदा खांद्यावर घातला. तिसऱ्यांदा तोंडावर. भावाच्या नाकातून रक्त आलं.

"मले म्हन्लं ना तिनं?" माय ओरडली. मी तिचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "मले म्हन्लं! तू कोन बे मंधात?"

"माय, तुले रांड म्हन्ली ते!"

"तुहा बाप जलमभर म्हनत होता! तवा कुठं गेल्ते तुहे हात?"

भाऊ तसाच उभा राहिला. त्याच्या हातात सिस्टरच्या केसातली पिन अडकली होती. चप्पलवाल्यानं चप्पल हळूच खाली टाकून पायात घातली. बाबा खुर्चीत तोच शब्द म्हणत राहिले.

मग खालून दवाखान्याची माणसं धावत आली. मामा आणि आणखी दोघांनी भावाला धरून औषधांच्या खोलीत कोंडलं. दार लागल्यावर आतून मारल्याचे आवाज येत होते. त्यांनी त्याला चांगला ठोकला. मला ते थांबवावंसं वाटलं नाही, हे खरं सांगते.

सिस्टरच्या कपाळाला टाके पडले. डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला. एक जमादार आणि एक बाई शिपाई आले. सिस्टर ड्रेसिंगच्या टेबलावर बसली होती, एक डोळा सुजून बंद झालेला. तिला जमादाराची हिंदी कळेना, जमादाराला तिची. मग मला बोलावलं. ज्यानं मारलं त्याची बहीण मी, आणि मीच दुभाषी.

"विचारा तिले, काय बोलली ते," जमादार म्हणाला.

मी विचारलं. ती म्हणाली, "नाम बोली. अम्मा का नाम."

जमादारानं पेन थांबवलं, बाई शिपायाकडं पाहिलं आणि हसला. बाई शिपाई हसली नाही. मी सिस्टरच्या समोर बसले. तिच्या एका उघड्या डोळ्याकडं पाहून म्हटलं, "वो नाम नहीं है. गाली है. बहुत गंदी."

"गाली?"

"औरत को देते हैं."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग बाबांनी तिला जेवढ्या वेळा हाक मारली, ते सगळं तिला आठवलं असावं, कारण तिनं तोंडावर हात धरला. हात काढला आणि विचारलं, "तो अम्मा 'ओ' क्यों बोलती?"

माय दारात उभी होती. तिनं मला विचारलं, "काय म्हंते ते?"

मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन सांगितलं. माय म्हणाली, "सवय झाली म्हना. आनखी काय सांगनार?"

मग ती आत आली, सिस्टरच्या शेजारी बसली आणि तिनं स्वतःच्या छातीवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं. माझ्या मायनं आपलं नाव असं दुसऱ्या कुणाला आपण होऊन सांगितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सिस्टरनं ते म्हणून पाहिलं, चुकलं. मायनं परत सांगितलं. तिसऱ्या वेळी बरोबर आलं.

जमादार कंटाळला होता. मायला म्हणाला, "बाई, पोरगा आहे तुमचा. गैरसमजातून झालं. माफी मागू द्या आन मिटवा."

"टाके तिले पडले," माय म्हणाली. "तिले विचारा."

सिस्टर घाबरलेली होती. नोकरी नवीन, गाव परकं. तिला तक्रार नको होती, घरी जायचं होतं. माय मला म्हणाली, "सांग तिले, दे म्हना. आज दिली नाही त मंग कवाच देनं होत नाही. मी एकडाव पोलिसात जाऊ जाऊ करत राह्यली, गेली नाही. पाह्य आता." मी जमेल तसं हिंदी करून सांगितलं. सिस्टरनं सही केली.

भावाला खाली नेलं तेव्हा त्याचा एक कान सुजला होता, शर्ट फाटलेला. माय जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. त्याला वाटलं असेल, माय काहीतरी बोलेल, सोडवेल. ती पायरी उतरली नाही. जीपमध्ये चढताना तो वळला आणि सगळ्या लोकांसमोर तिला ओरडून म्हणाला, "रांडे!"

सूर अगदी बाबांचा होता. आधी नाकातून श्वास, मग तोडून टाकलेला शब्द. माझं अंग आपोआप मागं सरलं. माय होती तिथंच उभी राहिली. तिनं ओ दिली नाही.

बाबांना घरी आणलं तेव्हा उन्हाळा लागला होता. भाऊ जामिनावर सुटून बायकोला घेऊन सासुरवाडीला गेला होता, दुकान बंद होतं. शाळेला सुटी लागली म्हणून मी मायसोबत राहिले. पहिल्याच दिवशी दुपारी बाबांनी हाक मारली, लांब 'रां', सैल शेवट. पाणी. मी उठले तर मायनं माझा हात धरला.

"बस खाली," ती म्हणाली.

ती पाण्याचा तांब्या घेऊन बाबांच्या समोर, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर बसली. बाबांनी पुन्हा शब्द म्हटला. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. पुन्हा म्हटला. मग ओरडले. मग डाव्या हातानं पलंगाच्या लोखंडावर बुक्क्या मारायला लागले. बोटांची सालटं निघाली, रक्त आलं. शेजारची वाटी हाताशी आली ती त्यांनी फेकली. मायच्या भुवईला लागून खोक पडली. तिनं पदरानं रक्त पुसलं आणि तशीच बसून राहिली. छताचे पत्रे तापले होते. बाबांचे ओठ कोरडे पडून चिकटायला लागले, जीभ बाहेर यायला लागली.

"माय, दे त्याहीले," मी म्हटलं. "मरतीन ते."

"मरू दे," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "नाही मरत."

मी उठून पाणी देऊ शकले असते. दिलं नाही. मी दाराशी बसून बाबांकडं बघत राहिले आणि मला वाटत राहिलं, की आपण काय बघतोय हे आपल्याला कळतंय का? ऊन दुकानाच्या शटरपर्यंत सरकलं, तेव्हा बाबांचा आवाज पूर्ण बसला होता. त्यांचा डावा हात उचलला गेला. मारायला नाही. त्यांनी तळवा उघडा केला आणि गळ्यातून "आ" असं काहीतरी निघालं. "आ... आ."

माय उठली. तिनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं, थोडं थोडं, ठसका लागू नये म्हणून थांबत थांबत. बाबा रडत होते. माय रडत नव्हती. त्यानंतर बाबा "आ" म्हणायला लागले. चुकून जुना शब्द निघाला की माय हातातलं काम तसंच चालू ठेवायची. मग ते थांबायचे आणि "आ" म्हणायचे.

बाबा दिवाळीआधी गेले. भाऊ आला, त्यानं अग्नी दिला, तेराव्यापर्यंत राहिला. मायशी बोलला नाही. पुढं त्यानं दुकान उघडलं आणि मी मायला उंद्रीला घेऊन आले.

मेहकरच्या कोर्टात केस उभी राहिली. केरळच्या सिस्टरनं तोवर ती नोकरी सोडली होती, पण साक्षीला आली. कपाळावर खूण राहिली होती, केस पुढं ओढून ती झाकलेली. मायची साक्ष झाली तेव्हा भावाच्या वकिलानं तिला फार गोड आवाजात विचारलं, की मावशी, तुमच्या पोरानं आईचा अपमान सहन झाला नाही म्हणून रागाच्या भरात चुकून एखादा हात लावला असेल, असंच ना? वकील तिच्या डावीकडं उभा होता. मायनं त्याला उजव्या बाजूला यायला सांगितलं. त्यानं प्रश्न परत विचारला. भाऊ समोर बसला होता, खाली बघत.

"चुकून नाही," माय म्हणाली. "धरून मारलं त्यानं. मी तिथंच होती."

भावाला शिक्षा झाली नाही म्हटलं तरी चालेल. चांगलं वागायची हमी लिहून घेतली आणि सोडलं. बाहेर आल्यावर सिस्टर मायच्या पाया पडायला वाकली, मायनं तिला धरून उभं केलं. बस यायला वेळ होता. आम्ही तिघी स्टँडवर जाऊन बसलो आणि मायनं बांधून आणलेलं भाकरीचं फडकं सोडलं.